दोन्ही शेजारी ठेवून

३ नोव्हेंबर, सोमवार

"मोअर ऑर लेस!" — आजचं पहिलं वाक्य. मी विचारलं होतं, "अहो, चहा देऊ का?"

आंघोळीचं पाणी गरम आहे का? मोअर ऑर लेस. टॉवेल टोचतोय का? मोअर ऑर लेस. सुदामला हसू आलं, तर त्याच्यावर डोळे वटारून — "सूनर द बेटर!" सुदाम म्हणजे सकाळी ह्यांना आंघोळ घालायला येतो तो. अंगाने दणकट आहे, सहज उचलतो ह्यांना. संध्याकाळी मात्र मी एकटी. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून पलंग. माझी कंबर केव्हाच कामातून गेलीय. पट्टा बांधते, वरून साडी. कोणाला दिसत नाही.

जुलैत झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, ती जरा जरा परत येतेय. मराठी मात्र गेली ती गेलीच! माझं नाव नाही, लेकाचं नाव नाही, पाणी नाही, भूक नाही. उरलं काय, तर कारखान्यातलं इंग्रजी. तेही सगळं नाही. नुसतं हे त्याच्यापेक्षा बरं, ते ह्याच्यापेक्षा वाईट, एवढंच. बेटर, वर्स, ॲज गुड ॲज. देवाने नेमकं हेच का ठेवलं, त्यालाच ठाऊक.

तसं मला नवल वाटायला नको. हे अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर तपासणी खात्यात होते. तिथे काचेच्या कपाटात सील लावलेला नमुना असायचा. माल त्या नमुन्याबरोबर ताडून बघायचा आणि शेरा मारायचा. ॲज गुड ॲज सॅम्पल. पुअरर दॅन सॅम्पल. क्वचित, फार क्वचित, बेटर दॅन सॅम्पल. ती सवय घरीही. लग्नानंतरची माझी पहिली आमटी. एक भुरका मारला आणि म्हणाले, "नियरली ॲज गुड ॲज आईज." माझं इंग्रजी यथातथाच, पण ते 'नियरली' बरोब्बर कळलं! आठवडाभर आमटी केली नाही मी.

५ नोव्हेंबर, बुधवार

यज्ञेशचा फोन बंगळूरहून. गोड बोलत होता, तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे. नेरळच्या बाजूला एक केंद्र आहे म्हणे. पक्षाघाताचे पेशंट ठेवून घेतात. नर्स, व्यायाम, सगळं. नाताळच्या सुट्टीत येतो आणि ठरवू.

म्हटलं, काय ठरवू? बाबा म्हणजे जुना सोफा आहे का?

"आई, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना? ते बोलतात ते सवयीने तोंडातून येतं. त्याच्यामागे अर्थ असेलच असं नाही. त्यांना कुठे आहोत ते कळत असेल का, हेही सांगता येत नाही. मग तू कशाला मरमर मरतेस?"

फोन आपटला. मोबाइल कसा आपटणार, गादीवर टाकला. वाईट नाही तो. त्याला माझीच काळजी. पण सवयीने येतं म्हणजे काय! मी डोळ्यांत बघते ना ह्यांच्या. आत माणूस आहे. मला शपथेवर सांगता येईल, फक्त दाखवता येत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मी ठरवलंय. ह्यांना मराठी येत नाही ना? मी इंग्रजी शिकते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुदामला दुपारचं बसवलं आणि उल्हासनगरला गेले. कॅम्प एकमध्ये कापडाच्या दुकानाच्या वर लालवानी मॅडमचा स्पोकन इंग्लिशचा क्लास आहे. मॅडम वयाने माझ्याएवढ्याच. शाळेतून रिटायर झालेल्या, आवाज अजून वर्गभर पुरेल असा. बाकांवर सगळ्या तरुण मुली, जीन्सच्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या, एक्स्पोर्टच्या ऑफिसात लागायचंय त्यांना. त्यांच्यात मी, पट्टा आवळून.

मी म्हटलं, मला सगळं नको. फक्त हे त्याच्यापेक्षा चांगलं, ते ह्याच्याएवढंच, असं बोलतात ना, तेवढं शिकवा. नेहमीच्या बोलण्यातलं.

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. "अदी, पूरी इंग्लिश छोड़के सिर्फ़ कम-ज़्यादा सीखोगी?" अदी म्हणजे सिंधीत ताई. मग मी सगळं सांगितलं. झटका, मोअर ऑर लेस, सगळं. मुलींची खुसखुस थांबली. मॅडम म्हणाल्या, "बैठो. आज सबको यही पढ़ाऊँगी. वैसे भी उल्हासनगर में इसके बिना धंधा होता है क्या? हमारे यहाँ तो हर माल ओरिजिनल से अच्छा है!" सगळ्या हसल्या.

आणि मग काय काय सांगितलं! मी थक्क! इंग्रज माणसाला विचारलं, कसा आहेस, तर म्हणतो — कुड बी वर्स. म्हणजे ह्याहून वाईट असू शकलं असतं. म्हणजे बघा, विचारलं आजचं, आणि उत्तर देताना तो मनातल्या मनात एक वाईट दिवस शेजारी आणून ठेवतो! दुरुस्त केलेला मिक्सर — ॲज गुड ॲज न्यू. नवा नाही म्हणायचं नाही, नव्याएवढा चांगला म्हणायचं. शहाणं मूल — ॲज गुड ॲज गोल्ड. कमी पगार मिळाला — बेटर दॅन नथिंग. कोणतीच गोष्ट एकटी नाही. प्रत्येकीला जोडीदार. आम्ही आपले 'बरंय' म्हणून मोकळे.

रिक्षात बसून पुटपुटत आले. कुड बी वर्स, कुड बी वर्स. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघ मेल्या!

१३ नोव्हेंबर

कंबर. बाकी लिहिण्यासारखं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज क्लासात रडले. बाईमाणसाने चारचौघांत रडू नये वगैरे सगळं माहीत आहे. रडले.

झालं असं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही ऐकलेलं असं एखादं वाक्य सांगा. माझ्या डोक्यात एक जुलैपासून बसलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना घरी सोडताना यज्ञेशला सांगितलं होतं, "ही इज ॲज वेल ॲज कॅन बी एक्स्पेक्टेड." मी विचारलं काय म्हणाले, तर यज्ञेश म्हणाला, ठीक आहेत म्हणाले. वेल म्हणजे ठीक हे मलाही माहीत होतं. मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

आज मॅडमना अर्थ विचारला. त्यांनी खडू खाली ठेवला. "अदी, ये... डॉक्टर लोग तब बोलते हैं जब ज़्यादा उम्मीद ना रखनी हो. जितना हो सकता था, उतना ठीक. बस."

म्हणजे त्या 'वेल'शेजारी ठेवलेला जोडीदार चांगल्या तब्येतीचा नव्हताच. आशेचा होता, आणि आशाच एवढीशी! इतकं गोड बोलून इतकं कडू सांगता येतं! भाषा आहे का सुरी? यज्ञेशवर राग आला आणि गेला. एकट्याने गिळलं पोराने ते. पुढच्या बाकावरच्या मुलीने पाण्याची बाटली दिली.

घरी आले तर हे खिडकीशी. मी म्हटलं, मी उशिरा आले का हो? "ॲज युज्वल," म्हणाले. सवयीचं असेल. असू दे. मला हसू आलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

खाली भाजीची गाडी आली होती. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि ह्यांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर ठेवल्या, सुरी आणायला आत गेले. बाहेर येते तो ह्यांनी डाव्या हाताने एक जुडी बाजूला सारलेली. "पुअरर," म्हणाले. "रिजेक्ट."

मी म्हटलं, अहो, हीच तर हिरवीगार आहे! ती दुसरी जरा मलूल. पुन्हा दोन्ही शेजारी ठेवल्या. पुन्हा तीच सारली. "पुअरर!" आवाज चढवून. कारखान्यात चढवत असतील तसा.

सुतळी सोडली. वरची पानं तेवढी हिरवी. आत सगळी काळी, चिकट, कुजलेली! दुसरी जुडी आतपर्यंत स्वच्छ.

अगं बाई! ह्यांनी बघितलं कसं? देठांवरून? वासावरून? कळणार नाही मला, आणि ते सांगणार नाहीत. पण बघितलं! ताडलं! आणि ठरवलं!

आणि मग माझ्या मठ्ठ डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळे काय करतो? मी, सुदाम, डॉक्टर, सगळे. एकच गोष्ट पुढे धरतो आणि विचारतो. चहा हवा का? हे काय आहे? हे कोण? आज वार कुठला? ह्या माणसाने जन्मात कधी एकच गोष्ट हातात घेऊन मत दिलेलं नाही! भाजीबाजारातही एक वांगं उचललं नाही कधी. दोन हातांत दोन, डोळे मिटून वजन बघायचे, भाजीवाली वैतागून म्हणायची, साहेब, लग्न लावताय का वांग्यांचं? मला लाज वाटायची. मी पुढे चालत राहायचे.

एकट्या गोष्टीला ह्यांच्याकडे शेराच नाही. म्हणून मोअर ऑर लेस!

२५ नोव्हेंबर

चहाचे दोन कप. एकात साखर, एकात नाही. दोन्हींचा एकेक घोट दिला. "दिस. बेटर." साखरेच्या कपाला बोट. कपांची गुपचूप अदलाबदल केली, पाठीमागे नेऊन. परत एकेक घोट, परत साखरेचाच! मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच वेडी झालेय.

सकाळभर नाचत होते मी. कंबरेसकट.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आता कपडे, भाजी, खिडकी उघडी की बंद, सगळं दोन-दोन. दुधी आणि पडवळ समोर ठेवले. दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाले, "वर्स." कुठलं? "बोथ." काय हसले मी! लग्नापासून हेच रडगाणं आहे ह्या दोन भाज्यांचं. म्हणजे चवसुद्धा शाबूत आहे आत. हट्टसुद्धा.

सुदाम आता स्वतःच दोन शर्ट घेऊन उभा राहतो. "साहेब, कुठला टाकायचा बोला." काल निळा, आज पांढरा. आणि ह्यांची मान! किती दिवसांनी ताठ बघितली. कोणीतरी आपल्याला काही ठरवायला दिलंय, हे कळतंय त्यांना.

१ डिसेंबर, सोमवार

आज वस्तू नव्हत्या. नुसते दिवस ठेवले शेजारी शेजारी. कॅलेंडरवर बोट ठेवलं. काल... आज. अहो, कसं वाटतं? काल? आज?

खूप वेळ बघत होते. मला वाटलं, संपलं, इथपर्यंतच होतं ते. मग म्हणाले, "टुडे. वर्स."

झटक्यानंतर पहिल्यांदा कळलं मला की ह्यांचा आजचा दिवस वाईट आहे. रोज विचारत होते, बरं वाटतंय का, आणि रोज मोअर ऑर लेस ऐकून बरं आहे असं धरून चालत होते!

मग मी सोडलं नाही. डोकं की पाय? पाय की हात? डावा की उजवा? हात वर सरकवत सरकवत खांद्यापर्यंत आले. उजव्या खांद्याला बोट लावलं तर "वर्स! वर्स!" डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, ती दाढ आठवते, गणपतीत सुजली होती, घर डोक्यावर घेतलं होतं? त्या दाढेएवढं दुखतं?

"मोअर," म्हणाले. हळू. "मच मोअर."

इतके महिने! रोज सकाळी सुदाम त्याच खांद्याला धरून उठवतो. रोज संध्याकाळी मी. हे ओरडले की आम्ही म्हणायचो, चिडचिड करतात, आजाराचंच आहे. देवा! आत माणूस आहे म्हणून छाती ठोकून सांगत होते, आणि आत त्याला एवढं दुखत होतं ते मला दिसलं नाही.

कुशीत डोकं घेऊन बसले. दोघंही रडलो. ते उजव्या अंगाला टेकू देईनात, तेव्हा डाव्या बाजूने बसले.

३ डिसेंबर

डॉक्टरांनी खांदा बघितला. सांधा सैल होऊन खाली उतरलाय म्हणे, अशा पेशंटमध्ये होतं. आधाराचा पट्टा दिला, उचलायचं कसं ते दाखवलं. "कळलं कसं तुम्हाला?" म्हणाले. मी म्हटलं, ह्यांनी सांगितलं.

आता घरात दोघांनाही पट्टे!

१० डिसेंबर, बुधवार

शलाका आली होती. अंबरनाथची मुलगी, बोलण्याचे व्यायाम शिकवते, पंधरवड्यातून एकदा येते. आधी तिची नेहमीची परीक्षा झाली. एकेक चित्र दाखवायचं. काका, हे काय? "मोअर ऑर लेस." आणि हे? "ॲज युज्वल." तिने खाली मान घालून शून्य, शून्य लिहिलं. मी ओठ आवळून बसलेले.

मग म्हटलं, आता माझं बघ. तिचीच चित्रं घेतली, दोन-दोन ठेवली. छत्री आणि कुऱ्हाड. अहो, पावसात कुठलं बरं? "दिस." छत्री! हत्ती आणि मांजर. घरात कुठलं बरं? मांजरावर बोट ठेवलं आणि नाक मुरडून — "लेस वर्स." मांजर कधीच आवडलं नाही ह्यांना.

शलाका आधी हसली. मग एकदम उठून उभी राहिली. "काकू... मी ह्यांना इतके दिवस शून्य देतेय." तिने स्वतः अजून काही जोड्या लावल्या, मला स्वयंपाकघरात पाठवून, म्हणजे माझी खूण नको. मी दाराआडून ऐकत होते. बेटर. वर्स. दिस वन. सेम. ह्यांचा आवाज मोठा होत चाललेला. बाहेर आले तर पोरीच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, हे सवयीचं बोलणं नाही काकू. काका तोलून बोलतात.

तिने सगळं मोबाइलवर शूट केलं होतं, ते यज्ञेशला पाठवलं. त्याचा मेसेज आला, "बघितलं. येतोय तेव्हा बोलू." एवढंच! मला वाटलं होतं, फोन करेल.

१७ डिसेंबर, बुधवार

क्लासात सगळं सांगितलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी माझा हात धरला. त्यांचे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, हे आज कळलं. शेवटी शेवटी ते नुसते कण्हायचे म्हणे. "अदी, मैंने तो कभी दो चीज़ें रखके पूछा ही नहीं. मैं पूछती थी, क्या चाहिए? बस, क्या चाहिए?"

मी त्यांचा हात सोडला नाही.

परत येताना मनात आलं, किती साधं आहे हे, आणि किती मोठं! माणसाला 'कसा आहेस' विचारलं तर उत्तर सापडत नाही. कालच्यापेक्षा कसा आहेस, असं विचारलं तर सापडतं. धडधाकट माणसाचंही तेच असेल. इंग्रजांना हे कधी सुचलं असेल? की आजारी माणसाशी बोलता बोलताच सुचलं असेल?

२५ डिसेंबर, गुरुवार

यज्ञेश आला. आल्या आल्या केंद्राचं रंगीत पत्रक टेबलावर ठेवलं त्याने. मी बघितलंच नाही असं केलं.

२८ डिसेंबर, रविवार

झालं एकदाचं. आणि काय झालं!

यज्ञेश दोन दिवस काही बोलला नाही. आज जेवण झाल्यावर ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसला. मला म्हणाला, आई, तू बोलू नकोस. मी म्हटलं, बरं बाबा, शिवते तोंड.

त्याने वस्तू आणल्या नव्हत्या. मोबाइलमध्ये स्वतःचे दोन जुने-नवे फोटो उघडले. एक कॉलेजातला, एक आत्ताचा. दोन्ही शेजारी धरले आणि विचारलं, "बाबा, मी तेव्हा बरा होतो की आता?" आवाज कापत होता त्याचा. मला कळलं की हा परीक्षा घेत नाहीये. खरंच विचारतोय.

हे बराच वेळ बघत राहिले. इकडे, तिकडे. मग कॉलेजच्या फोटोवर बोट टेकवून म्हणाले, "देन..." यज्ञेशचा चेहरा पडला. "देन... थिनर."

मी फस्सकन हसले! यज्ञेशही. आणि हे! हेसुद्धा हसले, तोंड वाकडं, एका बाजूने, पण हसले. विनोद केला ह्या माणसाने! सवयीने विनोद करतं का कोणी? मग आत्ताच्या फोटोकडे बोट नेलं, ढेरीवरून वर, चेहऱ्यापर्यंत. "नाऊ. बेटर."

यज्ञेशने ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा माणूस, टक्कल पडायला आलेलं. ह्यांचा डावा हात त्याच्या डोक्यावर. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

संध्याकाळी म्हणाला, "आई, नाही नेत बाबांना. मी चुकलो. तू म्हणतेस तेच. बाबा जे बोलतात ते समजूनच बोलतात." मी म्हटलं, लिहून दे. देतो म्हणाला! मी ह्यांना सांगितलं, जिंकलो हो आपण! माझ्याकडे नुसते बघत राहिले. इतका चांगला दिवस आयुष्यात किती वेळा येतो? लग्नाचा दिवसही शेजारी ठेवला तर आजचाच बेटर.

३० डिसेंबर

यज्ञेश गेला. जाताना सुदामला संध्याकाळीही येता येईल का विचारलं. नाही जमत त्याला, दुसरी कामं आहेत. मी म्हटलं, मी आहे ना. तू जा निश्चिंत.

२ जानेवारी, शुक्रवार

खुर्चीवरून पलंगावर घेताना तोल गेला. दोघंही पलंगावरच पडलो म्हणून वाचलो. लागलं कोणालाच नाही. हे माझ्याकडे टक लावून. मी म्हटलं, कुड बी वर्स! शिकलेय की नाही?

हसले नाहीत.

४ जानेवारी, रविवार

सकाळी टेबल आवरत होते. केंद्राचं पत्रक फाडून टाकणार, तेवढ्यात मस्करी सुचली. ह्यांच्यासमोर एका बाजूला पत्रक ठेवलं, दुसऱ्या बाजूला घराची किल्ली. अहो, कुठलं बरं?

पत्रकावर बोट. "बेटर."

म्हटलं, अहो, नीट बघा, घर हे! किल्ली उचलून हातात दिली. त्यांनी ती खाली ठेवली. मग तोच हात माझ्या कमरेवर, साडीवरून, पट्ट्यावर. "वर्स," म्हणाले. "एव्हरी डे. वर्स." हात परत पत्रकावर नेला. "देअर. बेटर. फॉर यू."

हे समजून बोलतात, असं भांडून भांडून मीच सगळ्यांना पटवलंय. दुपारी यज्ञेशला फोन लावला. म्हटलं, बाबांनी ठरवलंय.